पाण्याच्या फिर्यादीत पुरावा कोणी द्यावा?

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागातील डिमॉक या, शेल वायूचे खोदकाम सुरू झालेल्या शेतकरी वस्तीत १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट होऊन तिच्यावरील काँक्रीटचे जड झाकण उडाले, तेव्हा सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु भूगर्भातील पाण्यावर अन्याय झाला की नाही, आणि झाला असल्यास तो शाबीत कोणी करावयाचा, याचा जो खल त्या दिवसापासून सुरू झाला, तो शेल वायूच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म उघड करणारा आहे.

हा वायू मार्सेलस नावाच्या काळ्या खडकात कोंडलेला आहे. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचलेल्या सेंद्रिय चिखलापासून तो खडक घडला, आणि डिमॉकच्या परिसरात तो मैलाहून अधिक खोल आहे. त्याची रंध्रे इतकी सूक्ष्म की त्यांतून वायू आपण होऊन वाहत नाही. म्हणून सरळ खाली नेलेले छिद्र खडकात आडवे वळवून, वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत सोडून त्यास भेगा पाडाव्या लागतात (यासच फ्रॅकिंग म्हणतात), आणि अशा एका विहिरीस दीड कोटी लिटरांहून अधिक पाणी सहज खर्ची पडते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी काही शे फूटच खोल असल्यामुळे खालच्या भेगा तेथवर पोहोचणार नाहीत असे कंपन्या सांगतात, आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. खरे भय आहे ते नळाच्या वाटेचे. कारण वायूच्या विहिरीचा पोलादी नळ पाण्याच्या थरांतूनच खाली उतरतो, आणि त्याच्या भोवतीचे सिमेंट जेथे सदोष राहते, तेथे मधल्या थरांतील मिथेनलाही वर चढण्यास मार्ग सापडतो.

आत सोडलेल्या पाण्याचा जो अंश परत येतो, तो प्राचीन समुद्राचे क्षार, बेरियम, स्ट्रॉन्शियम व किरणोत्सर्गी रेडियम बरोबर घेऊन येतो, आणि त्याचा खारटपणा आजच्या सागरजलाच्या कित्येक पट असू शकतो. क्षार वेगळे करण्याची सोय नसलेल्या शुद्धीकरण केंद्रांतून हे पाणी नद्यांत जात असे. त्यातील ब्रोमाइडचा नदीकाठच्या गावांच्या जलशुद्धीकरणातील क्लोरीनशी संयोग होऊन अपायकारक संयुगे निर्माण होतात, हे ध्यानी आल्यावर मे २०११ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने कंपन्यांना ही प्रथा बंद करण्यास सांगितले.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालू वायूविहिरींजवळच्या पेयजलात मिथेनचे सरासरी प्रमाण इतरत्रच्या १७ पट आढळले. फ्रॅकिंगच्या रसायनांचा मात्र तेथे मागमूस लागला नाही. डिमॉकला खोदकाम करणाऱ्या कॅबट कंपनीची कैफियत अशी की, या मुलखातील पाण्यात मिथेन पूर्वापार आहे, आणि तीही सर्वस्वी निराधार नव्हती. २०१२ साली केंद्रीय पर्यावरण संस्थेने डिमॉकच्या ६४ घरांचे पाणी तपासून अधिक कारवाईची गरज नाही असा निर्वाळा दिला; त्याच तपासणीचे दप्तर पुन्हा पाहून २०१६ साली दुसऱ्या केंद्रीय आरोग्य संस्थेने २७ विहिरींतील पदार्थ आरोग्यास बाधक ठरण्याइतके असल्याचे नमूद केले. एकाच नमुन्यांवरून असे भिन्न निवाडे निघतात आणि वाद मिटत नाही, याचे मोठे कारण म्हणजे खोदकामापूर्वी ते पाणी कसे होते याचा पुरेसा दाखलाच नव्हता. पेन्सिल्व्हेनियात दहा लाखांहून अधिक कुटुंबे खाजगी विहिरींवर अवलंबून आहेत, आणि त्या विहिरींच्या बांधणीस राज्याचा कोणताही सर्वसाधारण दंडक नाही.

या राज्याच्या घटनेत १९७१ पासून शुद्ध पाण्याचा हक्क लिहिलेला आहे. उलटपक्षी २००५ च्या केंद्रीय कायद्याने डिझेलचा वापर वगळता फ्रॅकिंगला पेयजल कायद्यातील भूमिगत द्रवक्षेपणाच्या नियमांतून सूट दिली. या दोहोंच्या ओढाताणीत २०१२ साली राज्याच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम अंमलात आले: वायूविहिरीपासून २५०० फुटांच्या हद्दीत, काम झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाणी बिघडल्यास दोष खणणाऱ्याचाच मानावा, आणि निर्दोषत्व त्यानेच शाबीत करावे. पूर्वी ही हद्द १००० फूट व मुदत ६ महिने होती. डिमॉकला मात्र न्याय फार सावकाश पोहोचला. मूळ कॅबट कंपनीची उत्तराधिकारी कोटेरा हिने नोव्हेंबर २०२२ मध्ये फौजदारी आरोपास विरोध न करता नव्या नळयोजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले, तेव्हा स्फोटास जवळजवळ १४ वर्षे लोटली होती.

आपणही या व्यवहाराबाहेर नाही. डिमॉकच्या परिसराचे पाणी वाहून नेणारी ससक्वेहॅना नदी ज्या चेसापीक उपसागरास मिळते, त्याच्याच काठावरील कोव्ह पॉइंट येथून द्रवरूप वायू घेण्याचा २० वर्षांचा करार भारताच्या गेल कंपनीने केलेला आहे. दीर्घ मुदतीच्या करारान्वये अमेरिकेहून निघालेले तिचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागले. दामोदर खोऱ्यात दुर्गापूरजवळ ओएनजीसीला शेल वायू २०११ सालीच सापडलेला आहे. म्हणून डिमॉकचा धडा आपण परवान्याच्या पहिल्याच अटीत उतरविला पाहिजे: आधी परिसरातील प्रत्येक विहिरीच्या पाण्याची त्रयस्थाकडून तपासणी व्हावी, तिचा दाखला गावाच्या दप्तरी राहावा, आणि पाणी बिघडल्यास शाबितीचा भार खणणाऱ्याच्या शिरावर असावा. ज्याच्यापाशी यंत्रे, वकील आणि भूवैज्ञानिक आहेत त्याने पुरावा देणे शक्य आहे. ज्याच्यापाशी केवळ एक विहीर आहे त्याच्याकडे तो मागणे म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणे होय.