पंधरा दिवसांत दुप्पट

उन्हाळ्याच्या तोंडाशी पश्चिम महाराष्ट्रातील माळराने करडी पडू लागतात, तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील पवना व मुळा या नद्यांची पात्रे मात्र काठोकाठ हिरवी होतात. पावसाचे दिवस दूर असतात, पाणी जवळजवळ थांबलेले असते आणि तरीही रानातल्या कोणत्याही पिकाला लाजवील अशी ही वाढ असते; ही विसंगती जलपर्णी काढण्याचे काम जवळून पाहायला पुरेसे कारण ठरते.

दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. त्या परिसरातील या कामाचा क्रम साधा आहे: जलपर्णीचा थर दोराने वेढून काठाकडे ओढायचा, पोकलेनने उपसायचा आणि डंपर येईपर्यंत काठावर ढीग लावायचा. यंत्राचा हात जेथे पोचत नाही, तेथे माणूस पाण्यात उतरतो. कमरेइतक्या काळ्या पाण्यात उभा राहून, काठच्या बाभळीत अडकलेली रोपे आकडीने सोडवणारा एक मजूर कामाचे गणित एका वाक्यात सांगतो: “पंधरा दिवसांत दुप्पट होती साहेब, आपण हिकडून काढायची, ती तिकडून भरायची.” वनस्पतिशास्त्राचे ग्रंथही अनुकूल परिस्थितीत दुपटीला साधारण एवढाच, क्वचित याहून कमी अवधी देतात.

त्याने वर काढलेले रोप हातात घेऊन पाहण्याजोगे असते. देठ फुगीर आणि स्पंजासारखे असल्यामुळे ते तरंगते. एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत आडवे खोड गेलेले असल्यामुळे एक ओढले की पाच-सात येतात, आणि हे खोड तुटले तरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वाढू शकतो. खाली पिसांसारखी काळपट मुळे लोंबत असतात व त्यांत रक्तासारख्या लाल अळ्या वळवळतात. या अळ्यांचा रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातील त्याच प्राणवायू धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा असतो, आणि ज्या पाण्यात प्राणवायू अगदी कमी उरला आहे तेथे तगून राहण्याचे त्यांचे ते साधन असते. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. तळच्या गाळात प्राणवायू संपल्यावर जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा हा वास. मजुराला विचारले तर तो म्हणतो, पहिल्या दोन दिवसांनंतर वास कळत नाही, अंगाची खाज मात्र कळते.

या हिरवेपणाचे मूळ नायट्रोजनच्या फेऱ्यात आहे. हवेचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजनचा असला, तरी त्याच्या दोन अणूंमधील बंध इतका घट्ट असतो की काही मोजके जिवाणू, आकाशातील वीज आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ हाबर व कार्ल बॉश यांनी सिद्ध केलेली अमोनियानिर्मिती, एवढ्यांनाच तो तोडता येतो. हा नायट्रोजन खतातून पिकात, पिकातून अन्नात आणि अन्नातून माणसाच्या मूत्रात येतो. मैलापाण्यात त्याचा अमोनिया होतो. पुढे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात आणि या क्रियेत अमोनियातील प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे पाण्यातला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. त्याला मैला व डिटर्जंट यांतील फॉस्फरसची जोड मिळाली की नदीला शेताला मिळते तसे खत मिळत राहते. जलाशयांच्या अशा अतिपोषणाला शास्त्रात सुपोषण म्हणतात, आणि ते नाव काठावरच्या ढिगापाशी उभे राहून ऐकवत नाही.

आता उपशाचा हिशेब. ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे एक टन उपसली तर तिच्याबरोबर नदीबाहेर जाणारा नायट्रोजन दीड किलोच्या आसपास भरतो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत सुमारे वीस किलो नायट्रोजन असतो, म्हणजे एका गोणीएवढा परत काढायला तेरा-चौदा टन जलपर्णी उचलावी लागेल. 2011च्या जनगणनेनुसार पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून 48 लाखांवर होती. माणशी दिवसाला दहा ग्रॅम नायट्रोजन धरला तरी तो रोज 48 टन होतो, आणि त्याची भरपाई केवळ उपशाने करायची तर रोज तीस हजार टनांहून अधिक जलपर्णी काढावी लागेल. असे ढीग कोणत्याही काठावर दिसत नाहीत.

मैलाशुद्धीकरण केंद्रे आहेतच, पण जुन्या पद्धतीच्या केंद्रांची रचना मुख्यतः सेंद्रिय घाण कुजवण्यासाठी केलेली असते. नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर करायचे तर विनाप्राणवायू टाकी, तेथील जिवाणूंना पुरेसे सेंद्रिय खाद्य आणि पाणी फिरवण्याची सोय असावी लागते. हे नसले तर केंद्रातून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसते, मात्र त्यातील पोषकद्रव्ये बरीचशी तशीच राहतात. काम झाले की नाही हे मोकळ्या दिसणाऱ्या पात्रावरून ठरवण्याची सवय पडल्यामुळे हा फरक कोणाच्या डोळ्यांत येत नाही. डंपर वेळेवर न आलेल्या ढिगाचेही तसेच: चार दिवसांत तो खचतो, त्यातून काळसर पाणी झिरपते आणि पोषकद्रव्ये उतारावरून नदीत परततात. पुन्हा उपसायला तेच हात लागणार असतात, आणि त्यांच्या कोपरापर्यंत हातमोजे क्वचितच दिसतात.

पहिल्या मोठ्या पुरात उरलेली जलपर्णी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याकडे जाते. तेथे पोषकद्रव्यांची वाट पाहावी लागत नाही, कारण तीही याच प्रवाहातून येतात. मागे पात्रात, झुडपांत अडकलेली काही रोपे उरतातच, शिवाय गाळातले बी अनेक वर्षे टिकते. कार्तिकात असे एकच रोप राहिले आणि त्या मजुराच्या पंधरा दिवसांच्या हिशेबाने ते वाढत गेले, तर फाल्गुन संपता संपता त्याची पाचशेच्या वर रोपे झालेली असतात.