कॅमेऱ्याला पांढरे कसे कळते?

९ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सकाळ उजाडली ती नारिंगी रंगातच. कॅलिफोर्नियाच्या जंगलांत मोठे वणवे पेटले होते आणि त्यांचा धूर शहराच्या वर आकाशात उंच पसरला होता. सूर्यप्रकाशातील निळा भाग धुराच्या कणांनी वाटेतच अडवला. जमिनीपर्यंत पोचला तो मुख्यतः पिवळा, नारिंगी आणि तांबडा प्रकाश. भर दिवसा दिवे लावायची वेळ आली. लोकांनी साहजिकच मोबाइल काढून फोटो घेतले आणि ते चक्रावले. डोळ्यांना गडद नारिंगी दिसणारे आकाश अनेकांच्या फोटोत राखाडी आले होते, एखाद्या पावसाळी दिवसासारखे!

मोबाइल बिघडलेले नव्हते. त्यांना जे काम नेमून दिले आहे ते त्यांनी इमानाने केले होते. या कामाला कॅमेऱ्याच्या भाषेत ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. आपण त्याला श्वेत-संतुलन म्हणू. हे काम काय आहे ते समजून घेणे आता केवळ हौशी छायाचित्रकारांपुरते राहिलेले नाही. विज्ञान प्रदर्शनांत मोबाइलच्या फोटोवरून रंग ‘मोजण्याचे’ प्रकल्प दिसू लागले आहेत. लिटमस, पीएच कागद, मातीचा रंग, पानांचा हिरवेपणा असे काहीही त्यात असते. अशा मोजमापावर विश्वास ठेवावा की नाही, हे या एका गोष्टीवर बरेचसे अवलंबून आहे.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. वस्तूकडून डोळ्यात येणारा प्रकाश दोन गोष्टींनी ठरतो: वस्तूवर कोणता प्रकाश पडला आणि त्यातला किती भाग वस्तूने परत पाठवला. कोरा कागद सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश जवळजवळ सारख्या प्रमाणात परावर्तित करतो. म्हणजे त्याच्यावर पिवळसर प्रकाश पडला तर तो पिवळसर प्रकाशच परत पाठवणार. तरीही रात्री जुन्या, तारेच्या बल्बखाली वही उघडली तर कागद आपल्याला पांढराच दिसतो. असे कसे?

डोळ्यात शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. ढोबळमानाने त्या वर्णपटाच्या तांबड्या, हिरव्या आणि निळ्या भागाला जास्त प्रतिसाद देतात. प्रकाशात तांबडे जास्त असेल तर त्या पेशींची संवेदनशीलता काही वेळात कमी होते आणि मेंदूही भोवतालच्या वस्तूंची तुलना करून प्रकाशाचा रंग हिशेबातून वगळतो. फ्रेंच गणिती गास्पार मोंज याने १७८९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याच विषयावर एक निबंध वाचला होता. तांबड्या काचेतून सभोवार पाहिले तर तांबडा कागद अधिक तांबडा न दिसता पांढरट दिसतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे १९०२ साली योहान्नेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने या घटनेला गणिती रूप दिले: तिन्ही प्रकारच्या पेशींच्या प्रतिसादाला वेगवेगळ्या आकड्यांनी गुणले जाते असे समजा. फॉन क्रीसचे हे तीन गुणक आज प्रत्येक मोबाइलमध्ये काम करीत आहेत.

डोळाही शेवटी अंदाजच करतो, बरे का. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याचा फोटो जगभर फिरला होता. काहींना तो झगा निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. आणि घरोघरी वाद होत. झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता. पण त्या फोटोत प्रकाश कुठून आणि कसा येतो आहे याचा पुरेसा सुगावा नव्हता, म्हणून ज्याच्या-त्याच्या मेंदूने आपापला अंदाज बांधला.

आता प्रकाशाच्या रंगाकडे वळू. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढरे होत जाते हे आपण पाहिलेले असते. पूर्ण कृष्ण वस्तू तापवली तर तिच्या तापमानावरून तिच्या प्रकाशाचा रंग ठरतो, म्हणून प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगण्याची पद्धत पडली. मेणबत्तीचे रंग-तापमान सुमारे १९०० केल्व्हिन, तारेच्या बल्बचे सुमारे २८०० केल्व्हिन, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्व्हिन. सावलीत सूर्य थेट नसतो, निळ्या आकाशाचाच उजेड असतो. तिथे हा आकडा ७ ते ८ हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. सावली काही इतकी तापलेली नसते हे उघड आहे. त्या रंगाचा प्रकाश देण्यासाठी कृष्ण वस्तू किती तापवावी लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

या आकड्यांतला फरक किती मोठा आहे? प्लांकच्या सूत्रात ४५० नॅनोमीटर (निळा) आणि ६५० नॅनोमीटर (तांबडा) या तरंगलांबी घालून पाहिले तर ५५०० केल्व्हिनला दोन्हींची तीव्रता जवळजवळ सारखी येते. २८०० केल्व्हिनला मात्र तांबडा निळ्याच्या पाचपटीहून जास्त भरतो. बारावीच्या हुशार विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. खिडकीतून येणारे ऊन आणि बल्ब यांत केवढा फरक आहे, आणि आपले डोळे तो किती सहज झाकतात, हे कागदावरच्या आकड्यांतून चांगले उमगते.

कॅमेऱ्याला असे झाकणे जन्मतः येत नाही. त्याचा संवेदक खरे तर रंगांधळा असतो. किती प्रकाश पडला एवढेच त्याला कळते. म्हणून त्याच्या बारीक चौकोनांवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेल्या रचनेत दर चार चौकोनांमागे दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही ती किंवा तिच्यावर आधारलेली रचना वापरतात.

समजा, बल्बखाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदासाठी संवेदकाने तांबडा २००, हिरवा १२५ आणि निळा ५० असे आकडे दिले (आकडे सोयीचे घेतले आहेत). कागद पांढरा यायचा तर तिन्ही सारखे हवेत. मग तांबड्याला ०.६२५ ने गुणा, निळ्याला २.५ ने गुणा, हिरवा आहे तसा ठेवा. तिन्ही १२५ होतील. हेच गुणक मग साऱ्या चित्राला लावायचे. शेजारी हळद असेल आणि तिचे आकडे १८०, ९०, १० आले असतील, तर ते सुमारे ११२, ९०, २५ होतील. झाले श्वेत-संतुलन! संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशात यामुळे काहीच बदलत नाही. हा नंतरचा गुणाकार आहे. त्याची किंमतही मोजावी लागते. निळ्याचा तुटपुंजा आकडा अडीचपट करताना त्यातला गोंधळही अडीचपट होतो. बल्बच्या उजेडातील फोटोत गडद भागात रवाळपणा दिसतो, त्याचे हे एक कारण आहे.

फिल्मच्या काळात हा गुणाकार रसायनांतच केलेला असे. दिवसाच्या उजेडाची फिल्म वेगळी आणि ३२०० केल्व्हिनच्या दिव्यांसाठीची वेगळी मिळे. दिव्यांची फिल्म उन्हात वापरली तर सारे चित्र निळे येई. चित्रपटवाले भर दुपारी रात्रीचे दृश्य उरकताना याच दोषाचा उपयोग करून घेत.

डिजिटल कॅमेऱ्यातील केल्व्हिनचा आकडा बदलताना अनेकांचा गोंधळ होतो तोही इथेच मिटतो. भर उन्हात आकडा ८००० वर नेला तर चित्र निळे होण्याऐवजी पिवळसर होते. कारण तो आकडा म्हणजे चित्राला कोणती छटा द्यावी याचा हुकूम नसतो. ‘इथला प्रकाश असा आहे’ ही आपण कॅमेऱ्याला दिलेली माहिती असते. प्रकाश निळसर आहे असे सांगितले की तो निळ्याचा गुणक कमी करतो आणि तांबड्याचा वाढवतो.

आपण काहीच सांगितले नाही, म्हणजे ‘ऑटो’ वर ठेवले, तर त्याला अंदाज बांधावा लागतो. त्याची जुनी आणि सोपी रीत अशी: जगात सगळे रंग असतात, तेव्हा चित्रातील सगळ्या बिंदूंची सरासरी काढली तर ती राखाडी यायला हवी, नसेल येत, तर दोष प्रकाशाचा. आजचे कॅमेरे चेहरे ओळखतात, असंख्य फोटोंवरून शिकवलेल्या पद्धतीही वापरतात, पण अंदाज तो अंदाजच. जांभ्या दगडाच्या भिंतीचा किंवा झेंडूच्या ढिगाचा जवळून फोटो घेतला की रंग कधी कधी फिका येतो तो यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोतही हेच घडले. सारे दृश्यच नारिंगी आहे, तेव्हा दिवा नारिंगी असणार असे कॅमेऱ्याने गृहीत धरले आणि नारिंगीपण काढून टाकले. त्या दिवशीचा ‘दिवा’ खरोखरच नारिंगी होता, पण तीच तर बातमी होती!

तीन गुणकांनी सगळेच साधते असेही नाही. ट्यूबलाइटच्या वर्णपटात पाऱ्याच्या ठळक रेषा असतात. त्यांतली ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा फोटोला हिरवट छटा देते, म्हणून कॅमेऱ्यात केल्व्हिनच्या जोडीला हिरवा–किरमिजी अशी आणखी एक दुरुस्ती ठेवलेली असते. पण प्रकाशात जी तरंगलांबी मुळातच नाही ती गुणाकाराने निर्माण होत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्यात जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्याच्याखाली निळी छत्री काळपटच येणार. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने बल्ब असेल तर चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे गुणक लागतील. त्यापेक्षा बल्ब बंद करावा हे सोपे.

आता प्रदर्शनातल्या प्रकल्पाकडे येऊ. पीएच कागदाचा फोटो काढून त्याचे तांबडा, हिरवा, निळा आकडे वाचायचे, असा बेत असतो. सकाळी खिडकीपाशी आणि दुपारी ट्यूबखाली घेतलेल्या फोटोंची तुलना करता येणार नाही, हे मुलांना पटकन पटते. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. आम्लात बुडवलेल्या कागदाने चित्राचा मोठा भाग व्यापला आणि तो तांबडा झाला, तर ऑटोवरचा कॅमेरा तांबडेपण प्रकाशाचे समजून कमी करतो. म्हणजे जो बदल मोजायचा, तोच कॅमेरा पुसून टाकतो. आलेख मात्र छान निघतो.

उपाय मंगळावरच्या यानांकडून शिकता येतो. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरले. दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखवले गेले. यानावर माहीत असलेल्या रंगांचे तक्ते बसवलेले होते. त्यांच्या आधारे दुरुस्ती केल्यावर आकाश धुळीमुळे गुलाबी-पिवळट आहे असे ठरले. २००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवर असा तक्ता सूर्यघड्याळाच्या रूपात होता. २०१२ साली पोचलेल्या क्युरिऑसिटीची काही चित्रे दोन प्रकारे प्रसिद्ध होतात: एक मंगळावरच्या प्रकाशात दिसेल तसे, दुसरे पृथ्वीवरच्या उजेडासारखे संतुलन करून. भूशास्त्रज्ञांना ओळखीचे खडक दुसऱ्यात चटकन ओळखता येतात.

आपणही प्रत्येक फोटोत नमुन्याशेजारी एक उदासीन पांढरी वस्तू ठेवावी. झेरॉक्सचा कागद मात्र नको. तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देणारी द्रव्ये घातलेली असतात. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप आठ-दहा पदरी करून घेतली तर ती पुष्कळ चांगली. तिचा आकडा २५५ ला टेकणार नाही इतका प्रकाश ठेवावा. एकदा तो टेकला की पुढची माहिती गेली. आणखी एक गोष्ट: नेहमीच्या जेपेग फोटोतील आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. १०० म्हणजे ५० च्या दुप्पट प्रकाश असे नव्हे. मोबाइलमध्ये ‘रॉ’ फोटोची सोय असेल तर मोजमापासाठी तोच वापरावा.

वर्गात हे तपासायला एक तास पुरतो. एक तांबडा आणि एक निळा असे दोन मोठे कार्डशीट घ्या. प्रत्येकाच्या मध्यभागी टेफ्लॉनच्या टेपची बोटभर पट्टी ठेवून एकाच जागी, एकाच उजेडात, ऑटोवर फोटो काढा. मग मोबाइलच्या ‘प्रो’ विभागात व्हाइट बॅलन्स ५००० वर पक्का करून तेच दोन फोटो पुन्हा घ्या. चारही फोटोंत पट्टीचा तांबडा भागिले निळा हे गुणोत्तर काढा आणि फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.