जहाजाचा धक्का आणि सात पौंड हवा

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड-परळी रस्त्यावरच्या तेलगावात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि टायरच्या बैलगाड्यांची ये-जा वाढते. त्याबरोबर पंक्चर काढणाऱ्यांचीही धांदल सुरू होते. अशाच एका हंगामात तिथल्या काही शिक्षकांशी 'दाब' हा विषय वर्गात कसा घ्यावा यावर बोलायला आम्ही गेलो होतो. आमच्याजवळ बंदरांची काही चित्रे होती. त्यातल्या एकात जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्यावर तरंगणारी काळी, लांबट पिंपासारखी वस्तू होती. तो हवा भरलेला फेंडर. जाड रबराची आणि आत मजबूत दोऱ्यांचे थर असलेली ही पिशवी म्हणजे जहाज टेकताना मध्ये ठेवायची गादीच. (मराठीत जहाज लागते तोही धक्का आणि बसतो तोही धक्का! पहिल्याला दुसरा बसू नये म्हणून हा खटाटोप.)

आम्ही अकरावीच्या मुलांना विचारले, "यात हवा किती भरत असतील?" मुलांनी आपल्या माहितीतून हिशेब केला. सायकलला चाळीस-पन्नास पौंड, ट्रॉलीच्या टायरला ऐंशी-शंभर. मग हजारो टनांचे जहाज अडवायला निदान पाचशे तरी हवीच. खरे उत्तर आहे सुमारे सात पौंड. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात असते त्याहूनही कमी. कोणाचाच विश्वास बसेना, आणि शिक्षकांच्या चेहऱ्यावरही शंका दिसत होती. तेव्हा उत्तर पाठ करून घेण्यापेक्षा ते काढूनच पाहू या.

दुकानदार ज्याला नुसते 'पौंड' म्हणतो ते खरे म्हणजे दर चौरस इंचावर पडणारे पौंड. एक पौंड म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल. हवेच्या फेंडरसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भरण्याचे दोनच दाब दिले आहेत, ५० किलोपास्कल आणि ८० किलोपास्कल, म्हणजे सव्वासात आणि साडेअकरा पौंड.

आधी अडवायचे काय आहे ते पाहू. समजा, २०,००० टनांचे जहाज सेकंदाला १५ सेंटिमीटर इतक्या संथ गतीने धक्क्याकडे सरकते आहे. मुंगीच्या पावलाने म्हणा ना! त्याची गतिज ऊर्जा येते २२५ किलोजूल. आता उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर घ्या. सगळे मिळून २५ टन धरू आणि वेग ताशी १५ किलोमीटर. ऊर्जा येते सुमारे २१७ किलोजूल. दोन्ही जवळजवळ सारखेच. असा ट्रॅक्टर भिंतीवर आदळला तर काय होईल हे तेलगावच्या मुलांना सांगावे लागत नाही. जहाजाबरोबर त्याच्या भोवतीचे पाणीही हलत असते, तो भाग वेगळाच.

ही ऊर्जा पोटात घ्यायची तर गादी दबली पाहिजे, आणि पुष्कळ दबली पाहिजे. न दबणारी गादी आणि दगड यात फरक नाही. म्हणून मानकाने फेंडरची क्षमता तो व्यासाच्या ६० टक्के दबला असता मोजायची असे ठरवले आहे. दोन मीटर व्यासाचा फेंडर ८० सेंटिमीटर जाडीचा होईपर्यंत चेपायचा!

एवढा चेपल्यावर आतली हवा किती आकसते? इथे एक सोपा प्रयोग करता येतो. पुठ्ठ्याच्या पट्टीचे १० सेंटिमीटर व्यासाचे कडे करून आलेख-कागदावर उभे धरा आणि आतले चौकोन मोजा. सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतील. आता दोन पुस्तकांमध्ये धरून त्याची उंची ४ सेंटिमीटर होईल इतके दाबा आणि पुन्हा मोजा. सुमारे ५०. कड्याचा परीघ तोच राहतो, म्हणून ते आडवे पसरते. जाडी ६० टक्क्यांनी घटली, पण आतली जागा फक्त ३६ टक्क्यांनी घटली.

आता बॉइलचा नियम लावायचा, आणि नेमके इथेच बहुतेक विद्यार्थी घसरतात. (काही शिक्षकही, आणि एकदा फळ्यासमोर आम्हीसुद्धा.) ते ५० ला ०.६४ ने भागतात आणि ७८ असे उत्तर काढतात. पण गेज दाखवते तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढाच असतो. पंक्चर टायरवर गेज शून्य दाखवते, पण टायरात निर्वात पोकळी झालेली नसते. वायूच्या नियमात पूर्ण दाब घ्यावा लागतो. वातावरणाचे १०१ आणि वरचे ५० मिळून १५१. त्याला ०.६४ ने भागले की २३६. त्यातून १०१ वजा केले की गेजवर दिसेल १३५. सुरुवातीच्या पावणेतीन पट.

आता बळ काढू. दोन मीटर व्यासाचा, साडेतीन मीटर लांबीचा फेंडर घ्या. चेपल्यावर त्याचा सपाट झालेला भाग जहाजाला टेकतो. त्याची रुंदी भूमितीने येते १.८८ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ६.६ चौरस मीटर. त्यावर १३५ किलोपास्कल म्हणजे सुमारे ८९० किलोन्यूटन, अंदाजे ९० टनांचा रेटा. टोके गोलाकार असतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, तरी उत्पादकांच्या तक्त्यातला आकडा याच्या जवळच असतो. सात पौंडांचे कोडे इथे सुटते. दाब थोडा, पण जागा मोठी.

बळ म्हणजे दाब गुणिले टेकलेली जागा, हे शाळेतल्या सायकलवरही तपासता येते. मागच्या चाकाला खडूची पूड लावा, एका मुलाला बसवा आणि चाक आलेख-कागदावर टेकवा. ठसा १२ चौरस सेंटिमीटर आला आणि चाकावरचा भार ४० किलो असला, तर दाब येतो सुमारे ३२७ किलोपास्कल, म्हणजे ४७ पौंड. गेज लावून पाहा. टायरच्या कडकपणामुळे थोडा फरक पडेल. फार पडला तर भार पुन्हा मोजा.

याच ठशावरून 'टाईट भर' म्हणण्यातली चूक कळते. ज्या पत्र्याला फेंडर टेकतो त्याच्या दर चौरस मीटरला आतल्या हवेचाच दाब सोसावा लागतो. पन्नासऐवजी ऐंशीने भरला, तर पहिल्या स्पर्शापासूनच पत्र्यावर ऐंशी पडतात. साध्या लाटेने जहाज डुलले तरी पडतात, आणि पूर्ण चेपल्यावर १३५ च्या जागी सुमारे १८२. पातळ पत्र्याच्या जहाजाला पोक येतात ते असे. उलट २५ नेच भरला, तर पूर्ण चेपूनही रेटा ९० टनांऐवजी ६४ टनांच्या आसपास राहतो. जहाज थांबत नाही, रबर घडी पडण्याइतके दबते, आणि शेवटी लोखंड धक्क्याला भिडते. म्हणजे योग्य दाब हा 'जास्तीत जास्त' नव्हे. समोरचा पत्रा किती सोसतो आणि किती ऊर्जा गिळायची आहे, या दोहोंच्या मधला तो आकडा आहे.

ट्रॉलीच्या टायरचे गणित वेगळे, तिथे भार पेलायचा असतो. पण तिथला धोका सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुन्या पद्धतीच्या, सुटी रिंग बसवलेल्या रिममध्ये शंभर पौंड हवा असताना त्या रिंगवर दहा टनांहून जास्त रेटा असतो. ती नीट बसली नसेल तर तोफगोळ्यासारखी सुटते आणि समोरचा माणूस वाचत नाही. तेलगावात आम्ही एका पोराला अशा चाकासमोर उकिडवा बसून हवा भरताना पाहिले. त्याला उठवून बाजूला केले. तो हसला. अशी चाके लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून भरायची असतात. हे तुमच्या वर्गात सांगाच. त्यातली काही मुले उद्या त्या दुकानात असतील.

फेंडरकडे परत येऊ. भरण्याच्या वेळी खरा घोटाळा करते ते तापमान. समजा, मे महिन्यात मुंबईत जहाजाच्या उघड्या डेकवर फेंडर पडला आहे. काळे रबर तापून आतली हवा ५० अंशांवर गेली आहे. कोणी गेज बघून बरोबर ५० किलोपास्कल भरले आणि फेंडर २७ अंशांच्या पाण्यात सोडला. रबरातले दोरे त्याला फारसे आकसू देत नाहीत, म्हणून आकारमान तेच धरू. पूर्ण दाब १५१ गुणिले ३००, भागिले ३२३, म्हणजे १४०. गेजवर उरले ३९. कुठेही गळती नाही, तरी पाचवा हिस्सा गेला! हाच प्रकार शंभर पौंडांच्या ट्रॉलीच्या टायरला झाला तर त्याचे ९२ होतील, म्हणजे फक्त ८ टक्के घट. कारण पूर्ण दाबातली घट दोन्हीकडे टक्केवारीने सारखीच असते, पण फेंडरच्या पूर्ण दाबात वातावरणाचाच वाटा मोठा असल्यामुळे सगळी तूट वरच्या लहानशा हिश्श्यावर पडते. जितका गेजदाब कमी, तितके तापमान अधिक छळते. म्हणून फेंडर चेपलेला नसताना आणि कामाच्या वेळच्या तापमानाला आल्यावर त्याचा दाब पाहायचा, आणि गेजही कमी दाबाचे घ्यायचे. दीडशे पौंडांच्या गेजवर सातचा काटा हललेला दिसतो, एवढेच. अडीच मीटर आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या फेंडरांना जादा दाब सोडून देणारी सुरक्षा-झडपही बसवलेली असते.

हा फेंडर फार जुना नाही. जपानच्या योकोहामा रबर कंपनीने तो १९५८ मध्ये तयार केला. त्याआधी अंटार्क्टिक समुद्रात देवमाशांची शिकार करणारी जहाजे एकमेकांना लागताना मध्ये चक्क मेलेले देवमासे बांधत असत!

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला गेलात, तर मासेमारी होड्यांच्या कडेला जुने टायर लटकलेले दिसतील. मोठ्या फेंडरांनाही घासटण्यापासून जपण्यासाठी बहुधा वापरून झालेल्या टायरांची साखळ्यांनी ओवलेली जाळी घालतात. रस्त्यावरून निवृत्त झालेले टायर असे समुद्राच्या कामाला लागतात. त्या टायरांत मात्र कोणी हवा भरत नाही.