थेंबभरातलं निदान

मानेला गाठ आली की माणूस घाबरतो, आणि डॉक्टरांनी "सुईची तपासणी करून घेऊ" म्हटलं की आणखीच घाबरतो. खरं तर ही सुई रक्त काढायच्या सुईएवढीच, कधी तिच्याहूनही बारीक असते. २३ गेजच्या सुईची बाहेरची जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर. गाठीत ती चार-सहा वेळा मागेपुढे केली की तिच्या पोकळीत थेंबभरही नसेल इतका ऐवज येतो. तो काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गाठ क्षयाची आहे, थायरॉइडच्या कर्करोगाची आहे, की तोंडातला कर्करोग मानेपर्यंत पोहोचला आहे, हे बहुतेक वेळा तेवढ्यावरून कळतं.

या शास्त्राचं नाव सायटोपॅथॉलॉजी. सुया, काचा, अल्कोहोल, दोन-तीन रंग आणि सूक्ष्मदर्शक हे त्याचं सगळं सामान रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरच्या एखाद्या दवाखान्यात एका टेबलावर मावेल. मग एमबीबीएसची साडेपाच आणि एमडीची तीन वर्षं पार केलेला पॅथॉलॉजिस्ट आणखी एखाद-दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयाची वाट का धरतो?

आधी त्या काचेवर काय दिसतं ते पाहू. बायोप्सीत मांसाचा तुकडा मिळतो, त्यामुळे पेशींची मूळ मांडणी शाबूत असते. सुईतून येतात त्या सुट्या पेशी, शेजार तुटलेल्या. त्यांचं मूळ ठिकाण त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखावं लागतं. कोकणात बायकांमध्ये मशेरीची सवय जुनी आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड वर्षानुवर्षं हिरडीला लागत राहिली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या कर्करोगाच्या पेशी मानेतल्या लसिकाग्रंथीत पोहोचतात, पण तोंडाच्या आवरणाची केराटिन बनवायची सवय बऱ्याचदा सोबत नेतात. पॅपानिकोलाउ रंगात हे केराटिन झगझगीत नारिंगी दिसतं. लसिकाग्रंथीत केराटिनचं काहीच काम नसतं, त्यामुळे तिथे नारिंगी पेशी दिसली की पहिला संशय तोंडाकडे आणि घशाकडे जातो. क्षयाच्या गाठीत लांबट पेशींचे पुंजके आणि मृत पेशींचा दाणेदार चिखल सापडतो. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगात केंद्रकावर कॉफीच्या बीसारखी खाच पडलेली असते. बाहेरून तिन्ही गाठी बोटाला सारख्याच लागू शकतात.

मोजपट्टीही काचेवरच असते. तांबडी पेशी साधारण सात मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात. शेजारच्या पेशीचं केंद्रक तिच्या किती पट आहे, त्याची कड गुळगुळीत आहे की वेडीवाकडी, आतलं गुणसूत्रांचं द्रव्य एकसारखं पसरलंय की गोळा झालंय, हे तज्ज्ञाची नजर काच सरकत असतानाच टिपत असते.

केराटिन नारिंगी दाखवणारा तो रंग शोधणारे जॉर्ज पॅपानिकोलाउ १९१३ साली ग्रीसहून न्यूयॉर्कला आले आणि गिनीपिगच्या योनिस्रावातल्या पेशींचा अभ्यास करू लागले. तीच पद्धत स्त्रियांसाठी वापरताना त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९४३ च्या त्यांच्या पुस्तकानंतर मात्र गर्भाशयमुखाची पॅप तपासणी जगभर गेली. गाठीत सुई घालण्याच्या पद्धतीची गतही अशीच झाली. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस यांनी ती मांडली, पण ती बहरली काही दशकांनी, स्वीडनमध्ये. दोन्ही वेळा साधन हाताशी होतं. त्यावर भरवसा ठेवण्याइतकी तयार नजर घडायला मात्र वेळ लागला.

ही नजर पुस्तकातून मिळत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत दाबणाऱ्या बोटांनी आधी पुष्कळ भात शिजवलेला असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी लाळग्रंथीची एखादी दुर्मीळ गाठ वर्षानुवर्षं दिसणार नाही. देशभरातून रुग्ण येतात त्या रुग्णालयात ती पुन्हा पुन्हा दिसते.

फेलोचा दिवस बहुधा सुईच्या ओपीडीत सुरू होतो. गाठ एका हाताच्या दोन बोटांत धरून दुसऱ्या हाताने सुई घालणं ही हातोटी आहे. नमुना नीट आला नाही तर पुढची सगळी विद्वत्ता वाया जाते. काही काचा क्षणाचाही उशीर न करता अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, कारण हवा लागली की केंद्रकं फुगून अस्पष्ट होतात. गिम्सा रंगाच्या काचा उलट हवेतच, त्याही झटपट, वाळवायच्या. कोकणातल्या आषाढाच्या दमट हवेत त्या हळूहळू वाळल्या तर पेशी आक्रसतात आणि फसवतात. दुपारी फेलो कधी ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसतो. फुप्फुसाजवळच्या ग्रंथीतून नुकताच आलेला नमुना दोन-चार मिनिटांत रंगवून त्याला सांगावं लागतं, की एवढा पुरे की अजून हवा. छातीत साठलेल्या पाण्यातल्या पेशी गोळा करून त्यांचा मेणात घट्ट ठोकळा बनवतात. त्यातून ईजीएफआरसारख्या जनुकांमधले बदल तपासून फुप्फुसाच्या कर्करोगावर कोणती गोळी लागू पडेल तेही ठरवता येतं.

सगळ्यात कडक गुरू मात्र संध्याकाळी भेटतो. आपण सुईवरून दिलेला रिपोर्ट आणि नंतर शस्त्रक्रियेत निघालेली गाठ शेजारी ठेवून पाहायची. कुठे जास्त बोललो, कुठे कमी बोललो, ते तिथे उघडं पडतं. त्यातून फेलो शिकतो तो शंकेचं माप. थायरॉइडच्या सुईसाठी जगभर बेथेस्डा पद्धत वापरतात. तिच्यात सहा वर्ग आहेत. सहावा वर्ग दिला तर शंभरात सुमारे सत्त्याण्णव वेळा तो कर्करोगच निघतो, आणि तिसरा वर्ग "नक्की सांगता येत नाही" असं म्हणण्यासाठीच राखलेला आहे. लाळग्रंथीसाठी मिलान, लघवीसाठी पॅरिस, स्तनासाठी योकोहामा अशा शहरांच्या नावांच्या पद्धती आहेत, आणि त्या साऱ्यांत खात्री नसल्याचं सांगायलाही जागा ठेवली आहे.

या नजरेची मर्यादाही महाराष्ट्रानेच जगाला आकड्यांत दाखवली. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या परिसरात १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅप तपासणीने मात्र ठळक घट दिसली नाही. पॅपची ताकद वारंवार तपासणीत आणि तयार डोळ्यांत आहे, आणि खेड्यात नेमकी याच दोन गोष्टींची वानवा. म्हणून गावोगावच्या चाळणीसाठी एचपीव्ही योग्यच आहे. पण मानेतली गाठ काय आहे, हे ती सांगणार नाही. तिथे सुईच हवी.

आणि ती सुई गाठ असलेल्या माणसाच्या जवळ हवी. संगमेश्वरहून मुंबई म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटर. एका रिपोर्टसाठी दोन दिवसांची मजुरी, सोबतीला येणाऱ्याचा खाडा आणि परळला राहण्याची चिंता. संगमेश्वरच्या उत्तरेला, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आणि टाटा मेमोरियलने त्याच्या साथीने जिल्ह्यातल्या गावांत कर्करोग तपासणीची कामं केली आहेत. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. परळला घडलेली नजर अशा ठिकाणी परतली, तर क्षयाची गाठ असलेल्या बाईची औषधं मुंबईची गाडी न धरता सुरू होतील, आणि तिच्या शेजारणीला, जिची गाठ मशेरीची देणगी आहे, वेळ न घालवता थेट परळला पाठवता येईल. कुणाला थांबवायचं आणि कुणाला धाडायचं, हे त्या थेंबावरून गावाजवळच ठरवता यावं, यासाठीच तर ती जादा वर्षं.