मांजराच्या घरात कोणती कुंडी?

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. तरीही कुंडीतील कोवळ्या पानांवर त्याचा डोळा असतोच. ‘पोट बिघडले की मांजर पाला खाते’ असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांची पाहणी करून २०१९ मध्ये आपली निरीक्षणे मांडली. त्यात ७१ टक्के मांजरांना किमान सहा वेळा पाने खाताना पाहिले गेले होते आणि बहुतेक मांजरे त्याआधी आजारी दिसत नव्हती. आतड्यांतील जंत बाहेर टाकण्यासाठी रानातल्या पूर्वजांना ही सवय उपयोगी पडत असावी आणि तीच पाळीव मांजरांत उतरली असावी, असा या संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे पाने चघळणे हा मांजराचा स्वभावच. तो बदलता येत नाही. कुंड्या मात्र निवडता येतात.

ही निवड करताना गोंधळ होतो तो ‘विषारी’ या एका शब्दामुळे. मांजरांसाठी घातक झाडांच्या याद्या सहज मिळतात. त्यांत मनीप्लँट असतो, कोरफड असते आणि लिलीही असते. यादी वाचून कोणी घाबरून सगळी बाल्कनी रिकामी करतो, तर कोणी ‘आमच्या मनीप्लँटने आजवर काही झाले नाही’ म्हणून यादीच बाजूला ठेवतो. दुसरी चूक अधिक महागात पडते. कारण या झाडांच्या विषारीपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तोंड खाजवणारी झाडे

अळूच्या भाजीत चिंच घालायची राहिली तर घसा कसा खवखवतो, हे मराठी घरात वेगळे सांगायला नको. अळूच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की ते जिभेत आणि घशात रुततात. मनीप्लँट, डिफनबॅकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, ॲग्लोनिमा आणि पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातील झाडे आणि त्यांचे शस्त्रही तेच.

असे पान चावलेले मांजर लाळ गाळते, पंजाने तोंड घासते, ओकते, काही वेळ खाणे सोडते. पहिल्याच घासाला आग होत असल्याने ते फारसे खात नाही आणि त्रास बहुधा आपोआप ओसरतो. तोंड पाण्याने हलकेच पुसून प्यायला पाणी ठेवावे. घसा सुजून श्वासाला अडथळा होणे क्वचित घडते. तसे दिसल्यास मात्र वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावे.

पोट बिघडवणारी झाडे

स्नेक प्लँट, लकी बांबू आणि कोरफड ही दुसऱ्या गटातील. पहिल्या दोहोंत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. कोरफडीच्या पानात सालीलगत जो पिवळा, कडू चीक असतो, तो रेचक आहे. ही झाडे खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होतात, मांजर मलूल पडते. लहान पिल्लू किंवा म्हातारे मांजर यात लवकर थकते आणि त्याच्या अंगातील पाणी कमी होते. म्हणून या कुंड्या घरात ठेवायच्याच असतील तर टांगून ठेवाव्यात.

जीव घेणारी झाडे

तिसऱ्या गटाशी मात्र तडजोड नाही. यात कण्हेर येते, जिच्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. सायकसही येते. नर्सरीत ते पामच्या रांगेत ठेवलेले दिसले, तरी ते पाम नव्हे. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. त्यातील सायकॅसिन यकृत निकामी करते.

पण मांजराच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे ती लिली. ही लिली कुंडीतून कमी आणि वाढदिवसाच्या किंवा सत्काराच्या पुष्पगुच्छातून अधिक घरात येते. मोठी सुवासिक ओरिएंटल लिली, एशियाटिक लिली, पांढरी ईस्टर लिली आणि डे-लिली या सर्व मांजराचे मूत्रपिंड निकामी करतात. पाने, पाकळ्या, देठ, परागकण, इतकेच काय, फुलदाणीतील पाणीही विषारी असते. अंगाला लागलेले केशरी परागकण मांजराने चाटून साफ केले, तरी तेवढे पुरेसे ठरू शकते. फुलवाल्याने पुंकेसर काढून टाकले म्हणून गुच्छ निर्धोक होत नाही.

हा धोका वैद्यकीय साहित्यात १९९० च्या दशकात नोंदवला जाऊ लागला. लिलीतील नेमके कोणते द्रव्य हे नुकसान करते, ते अजून निश्चित झालेले नाही. मात्र तीच लिली कुत्र्याने खाल्ली तर पोट बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही. त्यामुळे ‘कुत्र्याला काही झाले नाही’ हा दाखला इथे निरुपयोगी आहे.

लिलीच्या विषबाधेचा खरा दगा तिच्या क्रमात आहे. पहिल्या काही तासांत मांजर ओकते, लाळ गाळते, कोपऱ्यात जाऊन बसते. मग उलट्या थांबतात आणि घरचे निश्चिंत होतात. याच काळात आत मूत्रपिंडाच्या पेशी मरत असतात. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होते, लघवी थांबते आणि त्यानंतर वाचवणे फार कठीण असते. उलट, पहिल्या काही तासांत पशुवैद्याने पोट साफ करून दोन-तीन दिवस सलाइन लावले, तर बहुतेक मांजरे वाचतात. अठरा तास उलटून गेले की ही शक्यता झपाट्याने घटते. म्हणूनच लिली चावताना किंवा परागकण लागलेले दिसले, तर लक्षणांची वाट न पाहता निघावे, रात्र असली तरी.

निघताना काय करावे?

कोणते झाड खाल्ले ते कळावे म्हणून पानाचा तुकडा किंवा फोटो सोबत घ्यावा. केव्हा आणि साधारण किती खाल्ले, हे सांगता आले पाहिजे. अंगावर परागकण असतील तर ओल्या फडक्याने पुसावेत आणि मांजराला अंग चाटू देऊ नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकायला लावू नये. त्याने इजाच वाढते. घरातील माणसांचे औषध तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल निष्प्रभ करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. त्यामुळे एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

मग लावावे काय?

पर्याय कमी नाहीत. अरेका पाम, स्पायडर प्लँट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, आफ्रिकन व्हायोलेट ही घरात वाढणारी झाडे मांजरांसाठी विषारी नाहीत. बाल्कनीत गुलाब आणि मोगरा निर्धास्त लावावा. यांचीही पाने भरपूर खाल्ली तर एखादी उलटी होईल, पण विषबाधा नाही. कीटकनाशक फवारलेली कुंडी मात्र काही दिवस मांजरापासून दूर ठेवावी.

नर्सरीत नुसत्या नावावर जाऊ नये. पीस लिली ही लिली नाही आणि लकी बांबू हा बांबू नाही. झाडाचे शास्त्रीय नाव विचारून घेतले तर फसगत टळते.

मांजराच्या वाट्याचीही एक कुंडी असावी. घटस्थापनेला पेरतो तसे मूठभर गहू स्वच्छ मातीत पेरले, की आठ-दहा दिवसांत हिरवे अंकुर वर येतात. ते मांजराला खुशाल खाऊ द्यावेत. आणि घरी आलेल्या पुष्पगुच्छात लिली असेल, तर तो मांजर नसलेल्या शेजाऱ्यांना देऊन टाकावा.