शहराचा इतिहास, तांब्यावर कोरलेला

तेलगावात बसून ॲमस्टरडॅमचं १७ व्या शतकातलं पुस्तक मोबाईलवर चाळता येतं, आणि चाळावंच! ओल्फर्ट डापर यांनी १६६३ साली ॲमस्टरडॅम शहराचा सचित्र इतिहास लिहिला. प्रकाशक याकोब फान म्यूर्स स्वतःच खोदचित्रकार होते, मग चित्रांना काय तोटा?

ही चित्रं छापायची रीत भारी आहे. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर टोकदार पोलादी हत्यारानं उलटं चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखाली दाबायचा. कागदावर पत्र्याच्या कडांचा चौकोनी ठसा उमटतो. मजकूर मात्र खिळे जुळवून वेगळ्या यंत्रावर छापला जाई.

याच डापर यांनी १६७२ मध्ये मोगल साम्राज्यावरही सचित्र ग्रंथ काढला, हिंदुस्थानात पाऊल न ठेवता! त्यामुळे त्यातली चित्रं पुरावा म्हणून जपूनच वापरावीत, असं माझं मत.

आपल्यासाठी खरा खजिना म्हणजे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन यांचा १७२४-२६ चा डच ग्रंथ. त्यात शिवाजी महाराजांचं खोदचित्र आहे. ऑनलाइन प्रत मिळाली तर झूम करून एकेक रेघ नक्की बघा.