ओल्या रानांतील विजार आणि बूट

१८२५ पासून धरणगांवीं भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रमला वाघाच्या शिकारीचा मोठा नाद होता. १९७२ च्या कायद्यानें खानदेशांतील शिकार बंद झाली. परंतु यावलच्या अभयारण्यांत वनरक्षकास भर पावसाळ्यांतहि पायीं गस्त घालावी लागते, आणि शिकाऱ्याची जुनी अडचण आतां त्याच्या वांट्यास आली आहे. ओल्या कातडीस फोड येतात, व सातपुड्याच्या चढावर पायाला फोड आले म्हणजे गस्त अर्ध्यावर राहते.

बूट नाल्यांत पाय पडल्यानें भिजतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण पाऊस थांबल्यावरहि गुडघाभर गवत विजारीला पाणी पुशीतच असतें. तें कापडांतून झिरपत उतरतें, आणि विजार बुटांत खोंचलेली असल्यास थेट मोज्यांत शिरतें. म्हणून पूर्वी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लोंकरीची पट्टी गुंडाळीत. तिचा प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा चढे व पाणी बाहेर टाकी. हल्लीं मेणकापडाचें आवरण वापरतात; त्याची कड बुटाच्या बाहेरून यावयास हवी, एवढेंच पुष्कळजण विसरतात!

रबरी बूट पाणी अडवितो, पण घामहि आंतच कोंडतो. चामडी बुटास मेण चोळावें. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवूं नये, चामडें तडकतें. रद्दी वर्तमानपत्राचे बोळे आंत कोंबून ते रात्रींतून एकदां बदलावे.